टेंबेजींचे तीन ठोके

टेंबेजी मला कधीच "कसे आहात" असं विचारत नाहीत. मी त्यांच्यासमोर दोन पायांवर धडधाकट उभा असतो आणि ते माझ्या बायकोकडे वळून विचारतात, "हे कसे आहेत?" ती "बरे आहेत" म्हणते. तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. पूर्वी ते गल्लीतून चाललेल्या दूधवाल्याची सायकल थांबवायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारायचे, "भैया, ये कैसे हैं?" दूधवाला म्हैस पारखावी तसा मला खुरांपासून शिंगांपर्यंत बघायचा आणि म्हणायचा, "ठीकई दिखत हैं." दोन उत्तरं जुळली की टेंबेजी मान डोलावतात आणि मग माझ्याशी बोलायला लागतात. जुळली नाहीत, तर तिसरा माणूस मिळेपर्यंत मला तिथंच उभं राहावं लागतं. ज्येष्ठातल्या एका दुपारी तो तिसरा माणूस मिळायला पाव तास लागला, आणि तो आला तेव्हा मी खरोखरच आजारी दिसत होतो.

"त्याला विचारू नका, त्याच्याबद्दल विचारा," हे टेंबेजींचं लाडकं वाक्य. पंखा असो, जावई असो की नगरसेवक असो, ते तितक्याच गंभीरपणे वापरतात.

हे सगळं मी प्रेमानं लिहितोय असा कुणाचा समज होऊ नये. माझं बिजलीच्या सामानाचं दुकान आहे. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, बॅटऱ्या. वडिलांकडून मला एक पाना मिळाला, तोही त्यांच्या साहेबाचा होता. फूटपाथवर बसून जळलेल्या मोटारी दुरुस्त करण्यापासून सुरुवात करून मी हे दुकान उभं केलं, आणि ते माझ्या कानांवर उभं केलं. चालू स्टॅबिलायझरला कान लावून मी सांगायचो, आतल्या लोखंडी पत्त्या घट्ट आहेत की सैल, पेटी सहा महिने चालेल की सहा वर्षं. कानपूरचे ठोक व्यापारी मला येताना बघून वाईट पेट्या मागं सरकवायचे. तपासणीच्या टेबलाशी एक लाकडी स्टूल होतं. ती माझी जागा. तिथून मला टेंबेजींनी उठवलं. भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर. ते मी विसरलेलो नाही.

पण माणूस सांगायचा तर सगळा सांगितला पाहिजे.

झाशीत लक्ष्मी गेटाच्या आत आमच्या गल्लीत तीन घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत. मधलं टेंबेजींचं, उजवीकडचं माझं, डावीकडचं रामदेवी चाचीचं. चाची बुंदेली, टेंबेजी आणि आम्ही मराठी. म्हणजे मी आणि टेंबेजी मराठी बोलतो. माझा मुलगा सुधीर मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. टेंबेजींची मराठी जुन्या वळणाची आहे. ते 'स्वैपाकाचं' म्हणतात, 'बेस' म्हणतात, आणि मधेच 'प्रोसेसर' म्हणतात.

प्रोसेसरशी त्यांचा संबंध असा, की ते शहराबाहेरच्या एका कारखान्यात कंट्रोल रूमला होते. तिथं एका मोठ्या बॉयलरवर लक्ष ठेवायला तीन कॉम्प्युटर बसवले होते आणि तिघांना काम एकच. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्यातला दुकानदार दचकला. एका कामाला तीन नोकर ठेवणारा मालक मी पाहिला नव्हता. टेंबेजींनी शांतपणे समजावलं. एकच ठेवला आणि तो बिघडला, तर तो बिघडलाय हे सांगणार कोण? दोन ठेवले आणि एक म्हणाला आच वाढवा, दुसरा म्हणाला कमी करा, तर खरं कुणाचं मानायचं? म्हणून तीन. ज्या दोघांचं जुळेल ते खरे, तिसऱ्याला बाजूला काढायचं.

"दोघांत निकाल लागत नाही, गोविंदराव," ते म्हणाले. "तिसरा लागतो."

हे तिघं दर सेकंदाला एकमेकांना एक खूण पाठवायचे. तिचा अर्थ एवढाच, की मी आहे. खूण चुकली की बाकीचे दोघं सावध व्हायचे. पण टेंबेजींच्या मते खरी मेख पुढंच होती. खूण आली नाही म्हणजे पाठवणारा गेला असं नव्हे. तो नुसता मंद झाला असेल. मधली तार तुटली असेल. किंवा तो ठणठणीत असेल आणि ऐकणाराच बिघडला असेल. म्हणून एकट्यानं कुणाला बाद करायचं नाही. आधी दुसऱ्याला विचारायचं, तुला तरी आली का? त्यालाही आली नसेल तर संशय पक्का. त्याला आली असेल, तर आरशात बघायचं.

बिघडण्याच्याही त्यांनी जाती पाडलेल्या होत्या. जो गप्प होतो तो त्यातल्या त्यात सज्जन. जो चुकीचं बोलत राहतो तो त्रासदायक. आणि जो एकाला एक सांगतो, दुसऱ्याला दुसरं, तो सगळ्यांत वाईट. या शेवटच्या जातीसाठी मला कॉम्प्युटर समजून घेण्याची गरज नव्हती, मी माल कानपूरहून आणतो.

मी विचारलं, "आणि बिघडलेल्यालाच सरळ विचारलं तर?"

"तो ठीक आहे म्हणतो," टेंबेजी म्हणाले. "प्रत्येक वेळी."

हे शास्त्र कंट्रोल रूमपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण निवृत्त झाल्यावर माणूस शास्त्र घरी घेऊन येतो. टेंबेजींच्या बैठकीत तीन घड्याळं आहेत. एक चावीचं, दोन बॅटरीवर चालणारी. तिन्हींची वेळ सहसा एक नसते. ज्या दोघांत पाच मिनिटांहून कमी फरक असेल त्यांचं ऐकायचं, हा नियम. भाचीच्या लग्नाला ग्वाल्हेरला जायचं होतं त्या दिवशी चावीचं घड्याळ म्हणत होतं की निघा, गाडीची वेळ झाली. बॅटरीवाली दोन्ही म्हणत होती की अजून चाळीस मिनिटं आहेत. एकाला दोन. टेंबेजींनी चावीच्या घड्याळाकडे दयेनं पाहिलं, दुसरा चहा केला, आणि स्टेशनवर पोचले तेव्हा फलाट झाडून झाला होता.

झालं होतं ते असं, की दोन्ही घड्याळांत त्यांनी एकाच दिवशी एकाच खोक्यातल्या बॅटऱ्या घातल्या होत्या, आणि दोन्ही बरोबरच दम सोडत होत्या. खोकं माझ्या दुकानातलं होतं. ते तडक दुकानात आले. मला वाटलं भांडतील. मी भांडणाला केव्हाही तयार असतो. पण ते म्हणाले, "चूक माझीच. एकाच आईची दोन पोरं म्हणजे दोन मतं नव्हेत." आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी माझ्याकडून एक बॅटरी घेतली, रस्ता ओलांडला आणि दुसरी समोरच्या दुकानातून घेतली. तो समोरचा इसम अजून मला बघून हसतो.

भिंतीवरच्या ठोक्यांची गोष्ट कुसुमवहिनी, म्हणजे टेंबेजींच्या पत्नी, वारल्या त्याच्या पुढच्या महिन्यात सुरू झाली. मूलबाळ नव्हतं, ते घरात एकटे राहिले. एका सकाळी ते माझ्याकडे प्रस्ताव घेऊन आले. ते रोज सकाळी पाच वाजता माझ्या भिंतीवर सात ठोके देणार. मी उलट सात द्यायचे. तसेच सात चाचीच्या भिंतीवर, तिनंही उलट द्यायचे. कुणाचे ठोके आले नाहीत तर एकट्यानं निष्कर्ष काढायचा नाही, दुसऱ्या शेजाऱ्याला विचारायचं आणि मग दोघांनी मिळून जाऊन बघायचं.

माणूस नुकता बायको गमावून बसला होता. दुसऱ्या कुणी मान डोलावली असती. पण कुणी समोर बसून आकडा सांगितला की माझी जीभ आपोआप अर्ध्यावर येते. मी म्हटलं, पाच ही काही वेळ नव्हे, सात वाजता. ते साडेपाचवर आले. मी बसून राहिलो. सहावर पटलं. ठोके सात कशाला, मी म्हटलं, एक पुरे. ते म्हणाले, एक तर मांजरानं भांडं पाडलं तरी होतो. मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, दोन दारावर कुणीही वाजवतं. तीनवर पटलं. वर मी एक अट घातली, की दूधवाल्याला माझी तब्येत विचारणं बंद. ती त्यांनी मान्य केली आणि दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्याला विचारू लागले.

सुधीरनं सुचवलं होतं की मोबाइलवर मिस कॉल देत जा. टेंबेजी म्हणाले, घंटी न वाजण्याला फोनकडे शंभर कारणं असतात, भिंतीकडे एकही नसतं.

तर सहा वाजता ते लाकडी डावानं भिंतीवर टक टक टक करायचे. बायको त्या वेळी लक्ष्मीच्या देवळात गेलेली असायची, सुधीर वरच्या मजल्यावर घोरत असायचा. मी चहाचा कप खाली ठेवून पेचकसाच्या, म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या, मुठीनं उलट तीन द्यायचो. आमचा दिवसभराचा संवाद पुष्कळदा तेवढाच.

एकदाच या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. थंडीची सकाळ होती. टेंबेजी माझ्या दारात आले, तोंड पांढरंफटक. चाचीकडून ठोके नव्हते. तीनदा देऊन झाले. नियमाप्रमाणे मी जाऊन तिचं दार वाजवलं, हाका मारल्या. उत्तर नाही, पण आत चूल पेटलेली होती, धूर येत होता. दोघांचं मत जुळलं. मी खांदा लावला, कडी निघाली, आम्ही आत पडलो. रामदेवी चाची पाटावर बसून जप करत होती. त्या दिवशी मौनी अमावस्या होती. तिचं मौन होतं, आणि भिंतीवर ठोकणं हेही बोलणंच, असं तिनं आपल्या मनानं ठरवलं होतं. बोलता येत नव्हतं म्हणून तिनं आम्हा दोघांना हातवारे करून शिव्या दिल्या. तुटलेल्या कडीकडे बोट, आमच्याकडे बोट, कपाळावर हात, पुन्हा कडी. अर्धी गल्ली ते बघायला जमली. तोंडानं दिलेल्या शिव्या मी विसरलो असतो, त्या विसरलेलो नाही.

टेंबेजी मात्र खूश. माणूस जिवंत निघाला यापेक्षा पद्धत बरोबर चालली याचा त्यांना आनंद, असं मला तेव्हा वाटलं. दुपारी त्यांनी मौनात ठोके चालतात का, हे तीन पंडितांना विचारलं. दोघं चालतात म्हणाले. तिसऱ्याकडे ते नंतर बरेच दिवस संशयानं बघायचे.

आता माझ्या गोष्टीकडे येतो.

गेल्या वर्षी चातुर्मासाच्या सुमाराला एका सकाळी भिंतीवर ठोके आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. करारानुसार मी पहिल्याच दिवशी चाचीला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. टेंबेजी चबुतऱ्यावर पेपर वाचताना, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी तब्येत विचारताना दिसत होते, म्हणजे जिवंत होते. मला वाटलं, कंटाळले शेवटी. चौथ्या दिवशी मात्र राग आला. करार करायचा यांनी आणि मोडायचाही यांनीच. मी चाचीकडे गेलो आणि म्हटलं, बुढ्ढ्यानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं.

चाची तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं. "काए भैया? रोज तो बजत है. आज सोई बजी." रोज वाजतं, आजही वाजलं. मग ती म्हणाली, "हमें तो तुमाई तरफ की सोई सुनात है." माझ्या भिंतीवरचे ठोकेसुद्धा तिला तिच्या घरात ऐकू येत होते.

मी घरी आलो आणि बायकोवर ओरडलो. कशावरून ते आठवत नाही.

याच सुमाराला दुकानात माल परत यायला लागला होता. सिव्हिल लाइन्सच्या एका डॉक्टरकडून एक पेटी आली, छावणीतून एक. तक्रार एकच, रात्रभर गुणगुणते, झोप येत नाही. मी स्वतः पास केलेल्या पेट्या होत्या. मी कान लावला. आत शांतता. मी गिऱ्हाइकांना सांगितलं की तुमच्या घरात दुसरं काही वाजत असेल.

एका संध्याकाळी छावणीजवळ राहणारे एक निवृत्त सुभेदार पेटी घेऊन दुसऱ्यांदा आले. फौजी माणूस, आवाज चढवत नव्हता, पण हलतही नव्हता. मी म्हणत होतो आवाज नाही. ते म्हणत होते आहे. टेंबेजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. ते रोजच संध्याकाळी तिथं बसतात, काही विकत घेत नाहीत. ते उठले आणि म्हणाले, "दोघांत निकाल लागत नाही."

मी म्हटलं, "टेंबेजी, हे दुकान आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पेटी चालू केली आणि कल्लू मिस्त्रीला बोलावलं. कल्लू माझ्याकडे पंधरा वर्षं आहे, मी शिकवलेला आहे. त्यानं कान टेकवायचीही तसदी घेतली नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "बोल रही है." मग टेंबेजींनी सुधीरला विचारलं. सुधीर दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला, "पापा, बाहर सड़क तक आवाज़ आ रही है."

मी परत कान लावला. गालाला पत्रा गरम लागला, बस.

टेंबेजी कंट्रोल रूममध्ये बोलत असतील तशा आवाजात बोलले. "हा कान आजपासून बाजूला. तपासणी कल्लू करील, शंका आली तर सुधीरला विचारील." मग त्यांना जणू माझी आठवण झाली. "गोविंदराव, यात दोष कुणाचा नाही. बिघाड लपून राहिला तर तो बरोबरच्यांना खराब करतो. म्हणून सगळ्यांना एकदम, एकच गोष्ट सांगायची असते."

मी त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. मराठीत सुरू केलं, पण तिच्यात पुरेसे शब्द नाहीत असं लक्षात आल्यावर हिंदीत गेलो. ते चपला घालून गेले. सुभेदारांना कल्लूनं दुसरी पेटी दिली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तेव्हा त्या स्टुलावर कल्लू बसलेला होता. मला बघून तो उठायला लागला आणि सुधीरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं. ज्या दुकानाचा प्रत्येक खिळा मी कान लावून ठोकला, त्यात माझ्यासाठी एक गादीची खुर्ची आली होती. गल्ल्याजवळ. म्हाताऱ्यांना देतात तशी.

लोक म्हणतात, त्यांनी भलंच केलं. असेल. पण घरी येऊन एकट्याला कानात सांगता आलं असतं. यावर टेंबेजी काय म्हणतील तेही मला माहीत आहे. कानात सांगून तुम्हाला ऐकू आलं नसतं.

चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. डॉक्टरनं कानाचं मशीन दिलं, ते मी टेबलाच्या खणात ठेवलं. सहा वाजता मी भिंतीकडे पाठ करून चहा प्यायचो. ठोके येत असतील तर येवोत, मला ऐकू येत नव्हते, आणि आले असते तरी मी उत्तर देणार नव्हतो. टेंबेजी समोरून येताना दिसले की मी वळायचो. ते थांबून माझ्या बायकोला विचारायचे, "हे कसे आहेत?" भाजीवाल्याला विचारायचे. दोघं सांगायचे की ठीक आहेत, चिडचिड करतात, जेवतात नीट. दिवाळीनंतर रामदेवी चाची लेकीच्या बाळंतपणासाठी दतियाला गेली. घराला कुलूप लागलं. मी ते कुलूप रोज बघत होतो. त्यावर विचार काही केला नाही.

पौषात एके दिवशी दुकानातून घरी आलो तर माझ्या बैठकीतल्या भिंतीचा गिलावा खाली पडलेला. ताटाएवढा तुकडा. कॅलेंडर, खिळा, चुना, सगळं चहाच्या टेबलावर. आतल्या विटा दिसत होत्या. भिंत सामाईक. मला चार महिन्यांनी भांडायला चांगलं, कायदेशीर कारण मिळालं. गिलाव्याचा तुकडा हातात घेऊन मी टेंबेजींच्या घरात शिरलो. खणातलं मशीन त्या दिवशी मुद्दाम कानात घातलं होतं. भांडणात समोरच्याचं ऐकू यायला लागतं, नाहीतर मजा नाही.

ते खुर्चीवर बसले होते. मी तोंड उघडलं आणि भिंत बघितली.

त्यांच्या बाजूनं भिंतीत खड्डा पडला होता. वाटीएवढा खोल, कडेनं विटांचा लाल भुगा. खाली जमिनीवर तीन वस्तू ओळीनं ठेवलेल्या होत्या. लाकडी डाव, त्याची मूठ पिचलेली. त्याच्या शेजारी लाटणं, मधोमध चिरलेलं. आणि त्याच्या शेजारी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता.

मी विचारलं, "हे काय?"

"उत्तर येत नव्हतं," टेंबेजी म्हणाले.

मी म्हटलं, येणार नव्हतं हे तुम्हाला माहीत होतं. तुम्हीच मला बाद केलंत. आणि मी ठीक आहे हे रोज दोघांना विचारत होतात की, मग भिंत कशाला फोडायची?

ते बत्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये मी कधी बिघडलेल्यालाच विचारलं नाही. घरी मात्र तिलाच विचारत राहिलो. रोज विचारायचो, कुसुम, कशी आहेस? ती म्हणायची, ठीक आहे. घरात दोघंच होतो, गोविंदराव. तिसरं कुणी नव्हतं."

तेव्हा मला आठवलं की वहिनी होत्या तोवर हा माणूस इतरांसारखाच सरळ विचारायचा, काय हो, कसे आहात.

मी गिलाव्याचा तुकडा खाली ठेवला. म्हटलं, "मी जिवंत आहे, दिसतोय ना."

"तुमचा प्रश्न नाही. तुमची बातमी रोज मिळते." मग चाचीच्या बाजूच्या भिंतीकडे त्यांनी मान वळवली, आणि परत माझ्या बाजूच्या. "दोन्हीकडून उत्तर येत नाही. मी रोज पाठवतो. आता दोन्ही भिंती गेल्या की मीच गेलो, हे मला इथं बसून कसं कळणार?"

गिलाव्याच्या खर्चाचा विषय निघाला नाही. खर्च मी एकट्यानं केला, आणि असा व्यवहार मी आयुष्यात दुसऱ्यांदा करणार नाही. निघताना एवढंच म्हटलं, की उद्यापासून बत्ता नको, डाव पुरे.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच मिनिटं असताना मी चहा बाजूला ठेवला. मशीन कानात घातलं नाही. त्यात पंख्याची, नळाची, साऱ्या झाशीची खरखर ऐकू येते. विटा उघड्या पडल्या होत्या तिथं तळहात टेकवला. थंडगार भिंत. बराच वेळ काही नाही. मग हाडात कळलं. एक. दोन. तीन. फार हलके होते, डावाचेच असावेत.

मी पेचकस उलटा धरला आणि तीन दिले. ठरलेले तेवढेच, एकही जास्त नाही. स्टुलावर अजून कल्लू बसतो, मी गादीच्या खुर्चीवर बसतो, आणि त्याबद्दल मी टेंबेजींना माफ केलेलं नाही.

हात काढणार होतो, तर भिंत परत हलली. मी मोजत राहिलो. चार, पाच, सहा, सात झाले, त्यांनी पहिल्यांदा मागितले होते तेवढे. करार तीनचा होता. मी हात तसाच ठेवला.